घरट्यापुढची फांदी

कापशीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की पहिले दहा दिवस त्या झाडाच्या सावलीलाही उभं राहायचं नाही, हे मला ज्यांनी शिकवलं ते खडकीला एका सरकारी कारखान्यात टर्नर होते. सहा दिवस लेथवर लोखंड कातायचं आणि सातव्या दिवशी शिकारी पक्ष्यांच्या पिल्लांचे फोटो काढायचे, या दोनच गोष्टी ह्यांनी आयुष्यात मनापासून केल्या, असं त्यांच्या पत्नी म्हणायच्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. मी त्यांना काका-काकू म्हणत असे.

आमची गाठ पडली ती बिबवेवाडीतल्या एका कलर लॅबमध्ये. मी यवतमाळकडची. इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला आले तेव्हा संगणकांना दोन हजार सालाची धास्ती पडली होती. जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा हुडकायच्या आणि वर्षाच्या दोन आकड्यांचे चार करायचे, हे आमचं दिवसभराचं काम. बिबवेवाडीत आम्ही चार मुली एका फ्लॅटमध्ये राहत होतो. तिघी रविवारी सिनेमाला जायच्या. मी पहिल्या काही पगारांतून कॅमेरा घेतला होता. तो गळ्यात अडकवून मी तळजाईच्या टेकडीवर हिंडायचे.

त्या दिवशी मी लॅबच्या काउंटरवर माझे प्रिंट पसरून बघत होते. शेजारी एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. खडकीहून एवढ्या लांब ते केवळ या लॅबवाल्यासाठी यायचे, कारण तो त्यांच्या मनासारखे प्रिंट काढून द्यायचा.

"हे आपण काढलेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पक्षी कोणता यात?"

"हा काय. घार आहे. वर, डावीकडे."

त्यांनी चष्मा वर केला, प्रिंट नाकाशी नेला. "असं होय. मला वाटलं, निगेटिव्हवर कचरा बसलाय."

लॅबवाला हसला. मला राग आला. "मी अजून शिकून राहिले आहे," मी म्हणाले.

"शिकून राहिलात?" माझ्या बोलण्यातला विदर्भ त्यांनी नेमका उचलला. "राहा, राहा. फक्त शिकाही." आणि मग स्वतःच्या पाकिटातून एक फोटो काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याचं पिल्लू होतं. नुकतं पंख फुटलेलं, डोक्यावर अजून पांढरी लव, आणि बघणाऱ्याकडे असं रोखून पाहत होतं की मी प्रिंटवरचा हात मागे घेतला.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. त्याच्या पुढच्याही. पहिले तीन महिने त्यांनी मला कॅमेरा आणू दिला नाही. स्टँड उचलायचा, वहीत लिहायचं. नर किती वाजता आला, काय आणलं, मादी किती वेळ उठली. सकाळी सहाला मी त्यांच्या क्वार्टरशी पोचायचे, काकू थर्मास आणि पोळीभाजीचा डबा हातात द्यायच्या आणि काकांच्या स्कूटरवर आम्ही निघायचो.

त्यांची पद्धत विलक्षण सावकाश होती. घरटं सापडलं की आधी दोन रविवार नुसतं लांब बसायचं. मग गोणपाट शिवून केलेला, माणसाच्या उंचीचा एक तंबू होता, त्याला ते लपण म्हणायचे, तो साठ फुटांवर लावायचा. दर खेपेला दहा फूट पुढे. मादी अस्वस्थ दिसली की पुन्हा मागे. उन्हाळ्यात नऊ वाजले की आवरायचं, मग समोर काहीही चाललेलं असो. घरट्यापुढे एखादी काडी आडवी येत असेल तर ती तशीच येऊ द्यायची.

"पण फोटो खराब होतो ना," मी एकदा म्हणाले.

"फोटो खराब होतो. घरटं होत नाही," ते म्हणाले.

छत्तीस फोटोंचा रोल असायचा. कधी कधी चारच काढून ते परत यायचे. पिल्लांचेच फोटो का, असंही मी विचारलं होतं. "मोठे पक्षी वर्षभर दिसतात, कुणालाही दिसतात," ते म्हणाले. "ही पोरं महिनाभरच अशी असतात. मग कुणालाच नाहीत."

सुरुवातीला ते मला 'आपण' म्हणायचे. एकदा लपणात आम्ही दाटीने बसलो होतो, मादी चोचीत उंदीर घेऊन अगदी समोर आली आणि काका पुटपुटले, "हलू नकोस गं." त्यानंतर 'आपण' संपलं. मी त्या दिवशी फ्लॅटवर येऊन आईला फोन केला आणि कारण नसताना खूप वेळ बोलत बसले.

मधे सहा महिने कंपनीने मला अमेरिकेला पाठवलं. येताना मी डिजिटल कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स घेऊन आले. काकांनी कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"रोल?"

"रोल नाही, काका. कितीही काढा."

"कितीही काढा," त्यांनी पुन्हा म्हटलं आणि कॅमेरा जपून परत दिला. त्या वर्षी ते निवृत्त झाले. कारखान्याने सत्कार करून घड्याळ दिलं. "आता वेळच वेळ आहे म्हटल्यावर घड्याळ देतात," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

पुढच्या मार्चमध्ये लोणी काळभोरला आम्हाला कापशीचं घरटं सापडलं. कापशी म्हणजे कबुतराएवढा शिकारी पक्षी. पाठ राखाडी, पोट पांढरं, डोळे लालभडक. शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबते आणि उंदरावर झडप घालते. असाच एक नर उंदीर घेऊन कालव्याकडे जाताना दिसला. त्याच्या मागोमाग गेलो तर कालव्याच्या भरावाखाली एक बाभूळ होती आणि तिच्यात घरटं. भरावावर उभं राहिलं की घरटं बरोबर डोळ्यांच्या उंचीवर यायचं. असं घरटं पंचवीस वर्षांत बघितलं नाही, काका म्हणाले.

ती बाभूळ एका बाईंच्या बांधावर होती. साठीच्या असतील. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन उरुळीकडे. अर्धा एकर भाजीपाला आणि चार शेळ्या, एवढ्यावर त्या एकट्या राहत होत्या. शेळ्यांसाठी त्या आकडीने, टोकाला आकडा असलेल्या लांब काठीने, बाभळीच्या फांद्या तोडून घ्यायच्या. काकांनी त्यांना घरटं दाखवलं आणि समजावून सांगितलं, "महिनाभर या झाडाला हात लावायचा नाही. तुम्हीही नाही, आम्हीही नाही."

"बरं भाऊ," त्या म्हणाल्या. "शेरडास्नी दुसरी बाभळ हाय."

मला त्या लेकी म्हणायच्या, मी त्यांना मावशी. काका लपणात असले की मी त्यांच्या खोपटापाशी जाऊन बसायचे. भाकरीवर लसणाची चटणी आणि लोटाभर ताक त्या पुढे करायच्या. माझं लग्न का होत नाही याची त्यांना माझ्या आईहून जास्त काळजी होती. एकदा कालव्यावर पोहायला आलेल्या पोरांनी घरट्यावर दगड मारायला सुरुवात केली, तेव्हा त्या खुरपं घेऊन पार पुलापर्यंत त्यांच्यामागे धावल्या होत्या.

एप्रिल लागला आणि पिल्लं बाहेर आली. तीन होती. आम्ही लांबच होतो. लपण चाळीस फुटांवर. घरट्याच्या वरून एक पानांची फांदी आडवी खाली आलेली होती. काकांच्या त्या वेळच्या प्रत्येक फोटोत ती आहे. दुपारचं ऊन त्या बाजूने यायचं आणि ती फांदी ते अडवायची. मादी उडून गेली की पिल्लं तिच्या सावलीत सरकायची. हे काकांनी मला बोट करून दाखवलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मग काकांना कावीळ झाली. डॉक्टरांनी तीन आठवडे अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं. मी भेटायला गेले तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते.

"तू जाऊन ये," ते म्हणाले. "लांबून दुर्बिणीने बघ. लपण पुढे घेऊ नकोस. वहीत लिही आणि मला येऊन वाचून दाखव."

त्या बुधवारी मी रजा टाकून गेले. मावशी भाजी घेऊन बाजाराला गेल्या होत्या. सकाळचं स्वच्छ ऊन होतं. पिल्लं बारा-पंधरा दिवसांची झाली होती. अंगावर मातकट लव आणि त्यातून पहिल्या पिसांच्या नळ्या वर येत होत्या. तिघं घरट्याच्या काठाशी येऊन आईची वाट बघत होती आणि त्यांच्या तोंडांवर ती फांदी.

मी तासभर तशीच बसले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघत होते. प्रत्येकात पानं. मग मी खोपटापाशी टेकवलेली मावशींची आकडी उचलली, भरावावरून फांदी ओढून बाजूला घेतली आणि लपणाची सुतळी सोडून ती खालच्या बुंध्याला बांधली. ओढताना बेचक्यात बारीक कडकन आवाज झाला. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

लपण मी पुढे घेतलं. मादी बराच वेळ आली नाही, मग आली. तिने एका पायाखाली उंदीर धरला, तुकडा तोडला आणि तिन्ही पिल्लांनी एकदम माना वर केल्या. प्रकाश सगळा त्यांच्यावर होता. तसा फोटो मी पुन्हा काढला नाही आणि त्याआधीही काढला नव्हता. नऊ वाजले, दहा वाजले. साडेअकराला ऑफिसातून फोन आला. परदेशातल्या ग्राहकाची सिस्टीम बंद पडली होती, ताबडतोब या. मी सामान गोळा केलं, लपणही घडी करून घेतलं. माझ्या स्कूटरशी पोचले तेव्हा फांदीची आठवण झाली. परत भरावापर्यंत जायला दहा मिनिटं लागली असती. उद्या सकाळी परत यायचंच आहे, उद्याही फोटो घेऊ, मग सोडू, असं मी मनाशी म्हटलं. विसरले असते तर निदान तसं सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून निघताच आलं नाही. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी मी गेले. एक पिल्लू घरट्याच्या काठावर मान बाहेर टाकून पडलं होतं. वाळून इतकंसं झालं होतं. दुसऱ्याची थोडी लव काट्यांत अडकली होती. तिसऱ्याचं काहीच नव्हतं. शेजारच्या झाडावर दोन कावळे बसले होते. कापशीची जोडी कुठेच दिसली नाही.

मी सुतळी सोडली. फांदी वर गेली नाही. बेचक्यात ती मोडली होती, पानं सुकून लोंबत होती. सुतळी मी पर्समध्ये टाकली आणि मावशींची हाक ऐकू आली तरी न थांबता गाडीकडे गेले.

काकांना मी फोनवर सांगितलं की ऑफिसमध्ये अडकले, या आठवड्यात जाताच आलं नाही.

"असू दे," ते म्हणाले. "नोकरी आधी. पिल्लं काय, आई-बाप आहेत सांभाळायला."

ते बरे झाल्यावर आम्ही गेलो. मी वाटेत सांगणार होते. हडपसर गेलं, फुरसुंगीचा फाटा गेला. काका अशक्त होते, म्हणून आता स्कूटर मी चालवत होते आणि ते मागे बसून पिल्लं आता उडायला आली असतील, पंख कसे चाचपत असतील, ते सांगत होते. मी रस्त्याकडे बघत राहिले.

त्यांनी भरावावरून रिकामं घरटं बघितलं. खाली उतरून बाभळीपाशी गेले. लोंबणारी वाळकी फांदी हातात धरून बेचक्यातली मोड बघितली. मग मावशी आल्या. त्यांच्या हातात आकडी होती, नेहमीचीच.

"काय हो हे, बाई," काका म्हणाले. "चार फांद्यांसाठी तीन जीव घालवलेत?"

मावशी जागच्या जागी थांबल्या. "म्या न्हाई तोडली, भाऊ."

"मग काय वाऱ्याने मोडली? वाऱ्याने मोडलेली फांदी मला कळते."

"म्या हातबी न्हाई लावला. तुमी सांगितल्यापास्नं या झाडाकडं शेरडूबी येऊ दिलं न्हाई."

"शेळ्यांसाठी आकडी लावलीत हे सरळ सांगा ना. निदान खोटं तरी बोलू नका या वयात."

मी तोंड उघडलं होतं. मला आठवतं, जीभ टाळूला लागली होती, 'काका' एवढा शब्द तयार होता. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं आणि थांबल्या. त्या थांबल्या होत्या हे मला तेव्हाही कळत होतं. मी खाली बघितलं.

"चल," काका मला म्हणाले. "यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

मावशींनी त्या दिवशी ताक विचारलं नाही. आम्ही परत त्या बांधावर गेलो नाही.

त्यानंतरही रविवार होत राहिले. सिंहगडाच्या बाजूला एक शिक्रा, दिवे घाटाच्या माळावर घुबडाची तीन पिल्लं. काका कधी कधी मधेच म्हणायचे, "त्या बाईने असं करायला नको होतं." मी हं म्हणायचे. त्या बुधवारचे फोटो मी कुणाला दाखवले नाहीत. ऑफिस हिंजवडीला गेलं, मी टीम लीडर झाले, फोटो कॉम्प्युटरमध्ये एका फोल्डरमध्ये पडून होते. रात्री-बेरात्री उघडून बघत होते अशातलाही भाग नाही. पण ते पुसून टाकावेत असं मला कधी वाटलं नाही, हे खरं.

दीड वर्षाने कंपनीने कर्मचाऱ्यांच्या फोटोंचं कॅलेंडर काढायचं ठरवलं. मी तो फोटो दिला. निवडला गेला. कॅलेंडर छापून आलं, सगळे येऊन सांगायला लागले की असा फोटो बघितला नाही. आणि मला ज्यांच्या तोंडून एकदा तरी 'बरा आहे' ऐकायचं होतं ते खडकीला होते. त्यांच्या लक्षात येणार नाही, इतके दिवस झालेत, पिल्लं काय सारखीच दिसतात, अशी मी माझी समजूत घातली आणि कॅलेंडर घेऊन त्यांच्याकडे गेले. खडकीच्या स्टेशनजवळ त्यांनी दोन खोल्यांची जागा घेतली होती.

काकूंनी चहा ठेवला. काकांनी पान उलटलं. हसले. "अरे वा," म्हणाले. मला इतका आनंद झाला. मग ते फोटोकडे बघतच राहिले. टेबलाच्या खणातून भिंग काढलं. मग उठून कपाटातून प्रिंटचा डबा आणला, त्यातून एक फोटो काढून कॅलेंडरशेजारी ठेवला. तीन लहान पिल्लं आणि त्यांच्यावरून आलेली ती फांदी.

"हा कधीचा?" त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं.

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"पंधरा दिवसांची आहेत. पंधराव्या दिवशी मी अंथरुणात होतो. आणि तू गेलीच नव्हतीस त्या आठवड्यात."

"काका..."

"फांदी कुठाय?"

काकू कपबशा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"मी बांधली होती," मी म्हणाले. "सोडायला जाणार होते. ऑफिसमधून..."

"त्या बाईला मी काय बोललो, आठवतं तुला?"

"हो."

"तू शेजारी उभी होतीस."

"हो."

त्यांनी भिंग खणात ठेवलं, खण लावला. पायांत चपला सरकवल्या. "चल," म्हणाले. "आत्ता."

"कुठे निघालात?" काकूंनी विचारलं. काका जिना उतरायला लागले होते.

लोणीला गेलो तर बाभूळ नव्हती. बांधही नव्हता. सिमेंटचे खांब रोवून प्लॉट पाडले होते आणि कुणा बिल्डरची पाटी होती. पुलाजवळच्या टपरीवाल्याने सांगितलं की भावकीने जमीन विकली, म्हातारी उरुळीला लेकीकडं हाय. आम्ही उरुळीला गेलो. विचारत विचारत घर सापडायला दुपार झाली.

मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. थकल्या होत्या. काकांनी ओट्यासमोर उभं राहून हात जोडले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "फांदी तुम्ही तोडली नव्हती. मी तुम्हाला नाही नाही ते बोललो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "बसा की भाऊ," म्हणाल्या. "मला ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"सुतळी. म्या बाजारावनं आले तर फांदी बांधल्याली. दुसऱ्या दिशीबी तशीच. वरनं ऊन आग ओतत व्हतं, पाखरं चिरकत व्हती. माझ्या मनात आलं, सोडावी. पर तुमीच म्हनला व्हता, झाडाला हात लावायचा न्हाई. म्हटलं, फोटूचं कायतरी असंल. शिकल्याली मानसं, त्यास्नी ठावं असंल."

काका ओट्यावर टेकले.

"मग मी बोललो तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"म्या वाट बघितली, भाऊ," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, पोरगी सांगंल."

त्यांची मुलगी चहा घेऊन आली. काकांनी कप घेतला पण प्यायले नाहीत. मी मावशींच्या पायांना हात लावायला वाकले तर त्यांनी पाय आवळून घेतले आणि शेंगांचं सूप मांडीवर ओढलं. "र्‍हाऊ दे," म्हणाल्या, "र्‍हाऊ दे आता."

परतताना सोलापूर रस्त्यावर ट्रकची रांग होती. काका मागे बसले होते पण त्यांचा हात माझ्या खांद्यावर नव्हता. ते मागची कडी धरून बसले होते. हडपसरच्या गाडीतळावर म्हणाले, "मला इथं उतरव."

"मी घरी सोडते ना, काका. एवढ्या लांब कसे जाल? दोन बस बदलाव्या लागतील."

"उतरव."

ते उतरले आणि बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी गाडी बाजूला लावून थांबले. वीसेक मिनिटांनी बस आली. त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही.

त्यांनी मला येऊ नकोस असं कधी म्हटलं नाही. मी दोन महिने फोन केले. काकू घ्यायच्या, ते बाहेर गेलेत किंवा पडलेत म्हणायच्या. गुढीपाडव्याला मी गेलेच. काका खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या. बसा. आपण चहा घेणार की सरबत?"

मी बसले. सरबत प्यायले. त्यांनी माझ्या नोकरीची चौकशी केली, आईवडिलांची केली, सगळं 'आपण' म्हणून. काकू गोंधळून आमच्याकडे बघत होत्या. अर्ध्या तासाने मी उठले तेव्हा ते दारापर्यंत पोचवायला आले. "आपलं येणं झालं, बरं वाटलं," म्हणाले. जिना उतरताना मला खालच्या पायऱ्या नीट दिसत नव्हत्या.

मी परत गेले नाही. जायला हवं होतं. तुम्ही मला काहीही बोला पण 'तू' म्हणून बोला, असं सांगायला हवं होतं. लग्न झालं तेव्हा पत्रिका पाठवली. काकूंच्या हाताने साडी आली, पोस्टाने. मग मुलगा झाला, हिंजवडीजवळ घर घेतलं, वर्षं गेली. घरट्यांपाशी मी पुन्हा कॅमेरा नेला नाही. बाकीही फोटो हळूहळू बंद झाले. आता रविवारी शंभर-शंभर माणसं मोठाल्या लेन्स घेऊन माळावर जातात, आणि कुणा पिल्लासमोर गाड्यांची रांग लागलेली दिसली की मी गाडी वळवून घेते. त्यांना काही सांगायचा मला अधिकार नाही.

काका गेल्याचं मला लॅबवाल्याकडून कळलं. लॅब बंद करून तो आता झेरॉक्सचं दुकान चालवत होता, रस्त्यात भेटला. "तुम्हाला माहीत नव्हतं?" तो म्हणाला. "तेराव्यालाही दिसला नाहीत, तेव्हा वाटलं परदेशात असाल."

मी दुसऱ्या दिवशी खडकीला गेले. काकू एकट्याच होत्या. केस पार पांढरे झाले होते. शेवटचे काही महिने हृदयाचं दुखणं होतं, म्हणाल्या. झोपेत गेले, त्रास झाला नाही. डबे आणि निगेटिव्हच्या पेट्या बांधून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. कुठल्याशा कॉलेजला देणार होत्या.

त्यांनी मला पाणी आणून दिलं. मग त्या म्हणाल्या, "एक विचारू? तुमचं दोघांचं बिनसलं कशावरून? त्या दिवशी फांदी फांदी म्हणत तुम्ही गेलात, ते मला काही कळलं नाही. नंतर मी खूप विचारलं यांना. एवढंच म्हणाले, की माझ्याकडून चूक झाली, एका गरीब बाईला मी नको ते बोललो. तुझं नाव कधी घेतलं नाही."

मी त्यांना सगळं सांगितलं. आकडी, सुतळी, गाडीशी आलेली आठवण, दहा मिनिटं, फोनवरचं खोटं, मावशी माझ्याकडे बघून थांबल्या ते. काही गाळलं नाही. कुणी पकडलेलं नसताना मी ते पहिल्यांदा बोलत होते. काकू मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. मधे एकदा कुकरची शिट्टी झाली तरी उठल्या नाहीत.

माझं संपल्यावर त्यांनी मांडीवरचे हात उचलून पदर सारखा केला.

"हे तू त्यांना येऊन सांगायचंस," त्या म्हणाल्या. "ते वाट बघत होते गं. दर रविवारी सहाला उठून बसायचे. मी म्हणायची, अहो, झोपा की, कुठं जायचंय आता? तर म्हणायचे, सवय आहे."

मला रडू आलं. त्यांनी मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. उठून आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग नळाचा. मी पर्स घेऊन उभी राहिले.

"काकू, निघते," मी म्हणाले.

"हं," त्या आतूनच म्हणाल्या. "जाताना दार ओढून घे."